आजी काठाला लागली

ब्राउन्स्टन,
३ मे १९८८

एबेल, गाढवा,

मी जिवंत आहे.

मागच्या पत्रातही मी हेच कळवलं होतं, पण ते तू परत पाठवलंस. वर लाल शाईनं लिहिलंस, "माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. मेलेल्या माणसाची थट्टा करताना थोडी तरी लाज बाळगा." पॉम्फ्रेटबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी बटाटे सोलत होते. आधी वाटलं, किती मायेचा नातू. अर्धा बटाटा सोलून झाल्यावर लक्षात आलं, की लाज मलाच बाळगायला सांगितली आहे.

चूक बाईंची. त्या शेजारच्या घरात राहतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. कंबर गेलीय त्यांची, म्हणून मी त्यांचा कोळसा आत आणून देते आणि त्या माझं टपाल वाचून देतात. मी सांगितलं होतं, "लिहा, मेल्या, तुला कोणी सांगितलं मी मेले म्हणून?" बाईंनी लिहिलं, "प्रिय एबेल, मी सुखरूप असून तुझे क्षेमकुशल जाणून घेण्यास उत्सुक आहे." आता असं बोलणारी आजी तुला कधी होती का? मीसुद्धा ते पत्र परत पाठवलं असतं. म्हणून या वेळी आमचं ठरलंय, मी बोलेन तसंच्या तसं उतरायचं. बाई म्हणतात, 'गाढवा' पत्राच्या मायन्यात बसत नाही. बसतं, बाई. तो सवयीनं बसवून घेईल.

तर ऐक. मार्च महिन्यात मी घराखाली कालव्याच्या लॉकपाशी उभी राहून, नाव खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढवताना लोक फाटकं कशी चुकीची उघडतात ते बघत होते. एक टकला, चांगल्या कोटातला माणूस आला. हातात पांढरी फुलं. टोपी काढून म्हणाला, "माफ करा, केझाया टॉल्बट यांना कुठे पुरलंय?"

मी म्हटलं, "का हो?"

तो म्हणाला, "बगळ्याची आजी ती. दर्शन घ्यायचं होतं."

मला वाटलं, वेड्यांच्या इस्पितळातून सुटलाय. घरात नेऊन चहा दिला. हे क्विंटन हॅविल. वुल्व्हरहॅम्प्टनला दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी खिशातून एक कॅसेट काढली. वरचा कागद झेरॉक्सचा, वाकडा कापलेला. त्यावर तुझा फोटो! दाढी वाढवलीस, तोंड असं केलंस की जणू बूट चावतोय. आणि नाव म्हणे 'बगळा'. अरे, बगळा एका पायावर उभा राहतो तो मासा येईल म्हणून. तू कशासाठी उभा आहेस?

डॉक्टर म्हणाले, "बगळा हा इंग्लंडचा सगळ्यात मोठा अंडरग्राउंड गायक आहे."

मी म्हटलं, "जमिनीखाली? तो? नाव बोगद्यात शिरली की भोकाड पसरणारा?"

मग त्यांनी समजावलं, की अंडरग्राउंड म्हणजे ज्याच्या कॅसेटी दुकानात मिळत नाहीत. एकानं दुसऱ्याला हातोहात द्यायच्या. "म्हणजे चोरीचा माल," मी म्हटलं. ते म्हणाले, "नाही, कलेचा." आमच्या काळी कोळशाच्या ढिगाखाली व्हिस्की यायची, ती पण हातोहातच जायची. त्याला कोणी कला म्हटलं नाही.

त्यांनी मोटारीत बसवून ते गाणं ऐकवलं. "काठाला लागली म्हातारी माझी, रित्या नावेला धरील कोण." डॉक्टर रडत होते. मी पण ऐकत होते. एबेल, आपली नाव रिती नव्हती, अर्धा टन कोळसा होता तिच्यात. आणि माझे डोळे निळे कधीपासून झाले? आणि 'तिच्या भाकरीचा ऊबदार वास'? जन्मात मी पाव भाजला नाही. लॉकवरच्या दुकानातून आणत होते, बहुतेक शिळाच.

डॉक्टरांना मी सांगितलं, मी केझायाची बहीण हेप्झिबा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, फुलं ताजी होती, आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाला 'मेलेली मीच' असं सांगणं बरं दिसलं नसतं. फुलं ठेवून घेतली, आणि तुझा पत्ताही त्यांच्याकडूनच घेतला.

आता या पत्राचं उत्तर दे. आणि ये.

तुझी आजी
(फुली माझी स्वतःची आहे. बाईंनी फक्त पेन धरून दिलं.)

X


२४ मे १९८८

एबेल,

तुझं कार्ड आलं. माझ्या नावानं नाही, बाईंच्या नावानं. "तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण माहिती चांगली जमवली आहे. आजीची बोलण्याची ढबही थोडी जमली आहे. तरी कृपया थांबा." थोडी जमली! एकोणसत्तर वर्षं मी ही ढब जमवतेय, आणि हा मला गुण देतोय.

मग मी म्हटलं, आधी शोधून काढू की मी मेले कशी. सरळ 'जुना नांगर'मध्ये गेले. गुत्त्यात पोराबाळांना विचारण्यात अर्थ नव्हता, मालकालाच धरलं. मोझेस तुला आठवतो ना? नाकावर मस असलेला. आपल्यातलाच, नावेवरच जन्मलेला. म्हटलं, "मोझेस, माझ्या एबेलचा कधी फोन आला होता?"

"आला होता की, काकू. तीन वर्षांपूर्वी, नाताळात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यानंच सांगू नको म्हटलं. नुसतं विचारलं, आजी कशी आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, तुझी आजी काठाला लागली, बाबा. ऑक्टोबरात. कायमची. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. पण गेली अगदी शांतपणे, हूं की चूं केलं नाही. आम्ही चौघांनी खांदा दिला. सगळ्या काठाच्या डोळ्यांत पाणी होतं."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. फोन ठेवला. मला वाटलं, नाणी संपली असतील."

मी तिथेच बाकावर बसले. हसू आवरेना, मोझेस साक्षीला आहे. एबेल, आपण नाववाले, पिढ्यान्‌पिढ्या आपल्यात नाव सोडून घरात राहायला गेलं की काय म्हणतात? काठाला लागली म्हणतात. दुसरं काय म्हणतात? आणि खांदा दिला तो माझ्या कपाटाला! ते ओकचं कपाट, तुझ्या आजोबांचं, चौघांशिवाय हलत नाही. हूं की चूं केलं नाही म्हणजे, त्यांनी ते दारात आपटलं तरी मी शिव्या घातल्या नाहीत. एकदाच गप्प राहिले आयुष्यात, तर त्याचं मरण झालं.

आठ वर्षं जमिनीवरच्या लोकांत काय राहिलास, घरची बोली विसरलास. पण दोष सगळा तुला देत नाही. ज्या घरी मी राहायला आले तिथे नळ आहे, बल्ब आहे, आणि घर हलत नाही. पहिल्या महिन्यात मलाही वाटलं होतं, की मेले.

आता कामाचं. डॉक्टर हॅविल ऑगस्टच्या सुट्टीत 'जुना नांगर'मध्ये माझ्या स्मरणार्थ सभा भरवताहेत. सगळे चाहते येणार. सगळे म्हणजे किती, विचारलं. म्हणाले, देशभरात एकशेचाळीस आहेत, पण येतील नऊ-दहा. तुला बोलावलं तर तू तीनदा नाही म्हणालास. म्हणालास, "त्या गावात मला पाऊल टाकवत नाही."

टाक रे. गाव तेच आहे. मीही आहे.

X


४ जुलै १९८८

एबेल,

सहा आठवडे झाले. उत्तर नाही. कपाटाचं एवढं सांगितलं, तरी नाही.

बाई म्हणतात, पुरावा द्यावा. कोर्टात असंच असतं म्हणे. घे तर पुरावे.

तू सात वर्षांचा होतास तेव्हा नावेला लावायचा हिरवा रंग चाखलास, आणि दोन दिवस तुझं जे काही झालं ते मी इथे सांगणार होते, पण बाईंनी पेन खाली ठेवलं. तुझ्या डाव्या कुल्ल्यावर इस्त्रीचा डाग आहे. बाई, 'कुल्ल्यावर' लिहा, 'पाठीमागे' नको, पाठीमागे पुष्कळ काही असतं. तुझी आई तुला माझ्याकडे सोडून त्या फर्निचरवाल्याबरोबर गेली, तेव्हा तू तीन दिवस बोलला नाहीस, आणि चौथ्या दिवशी पहिला शब्द बोललास तो "बदक".

बदकावरून आठवलं. नाही, नको.

बाई म्हणतात, काय नको? सांगा.

काही नाही हो. हा एकवीस वर्षांचा होता. 'जुना नांगर'मध्ये पहिल्यांदा स्वतःचं गाणं म्हणाला, आजोबांचं अकॉर्डियन घेऊन. लोकांनी मला विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, बदकाला पोटशूळ झाल्यासारखं. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी हा गेला. अकॉर्डियन घेऊन गेला. जाताना ओरडला, "माझं गाणं तुझ्या कानावर पुन्हा कधी पडणार नाही." झालं. एवढंच. बदकावरून कोणी घर सोडतं का?

बाई चष्म्यावरून बघताहेत. चाळीस वर्षं अशाच बघून पोरांकडून कबूल करून घेत असणार.

काल आणखी दोन चाहते आले होते. एक तर ग्रंथपाल आहे, लीड्सची. तिनं विचारलं, "तुमच्या ताईंना बगळ्याचं गाणं आवडायचं का हो?" मी म्हटलं, ताईला गाण्यातलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "अरेरे." तिनं पिशवीतून केक काढला. केक बरा होता. माझा तुकडा बदकांना घातला, ते सोड.

पत्र बंद करा, बाई. आज एवढंच.

X


८ ऑगस्ट १९८८

एबेल,

उद्या बाई कंबरेच्या ऑपरेशनला जाताहेत, तिथून बहिणीकडे स्केगनेसला. महिनाभर नाहीत. म्हणजे आज सांगितलं नाही तर राहिलं. दुसऱ्या कोणाकडून मी हे लिहून घेणार नाही.

तुला पुरावा असा हवा, जो गावात कोणालाच माहीत नाही. आहे माझ्याकडे. एवढे दिवस मुद्दाम दिला नाही.

ब्लिझवर्थचा बोगदा. पावणेदोन मैल काळोख. आजोबा पुढच्या इंजिनाच्या नावेवर, तुला पुढे घेऊन. मी मागच्या नावेवर, सुकाणूला. मध्ये फक्त दोर. काळोखात तुला वाटायचं, दोर तुटला, आजी मागे राहिली. तू रडायचास. इंजिनाच्या धडधडीत माझी हाक पोचत नसे. तुझा आवाज मात्र मला येत असे, डुकराच्या पिल्लाचा येतो तसा. म्हणून मी तुला सांगितलं, भीती वाटली की गा. एक कडवं झालं की मी लॉक उघडायचं लोखंडी हँडल चुलीच्या धुरांड्यावर दोनदा आपटीन. लोखंडावर लोखंड बोगदाभर खणखणतं. दोन ठोके आले की समजायचं, आजी आहे.

तू गायचास. मी ठोकायचे. आजोबांनासुद्धा वाटायचं, धुरांडं सैल झालंय.

आता बदकाचं. त्या दिवशी 'जुना नांगर'मध्ये तुझं पहिलं कडवं झालं आणि तू थांबलास. माझ्याकडे बघितलंस. हँडल माझ्या कमरेच्या पट्ट्याला होतं, नेहमीसारखं. समोर लोखंडी शेगडी होती. तू वाट बघत होतास, ते मला कळलं होतं. सगळ्या गुत्त्यात मला एकटीलाच कळलं होतं.

पण गाणं कसलं होतं? नाव सोडून जायचं गाणं. पाणी संपतं तिथून पुढे जायचं. चांगलं होतं, एबेल. इतकं चांगलं होतं, की मला समजलं, हा जाणार. ठोके दिले असते तर ते 'जा' म्हटल्यासारखं झालं असतं. माझ्यानं झालं नाही. म्हणून बदक.

बाई नाक पुसताहेत. सर्दी म्हणताहेत. ऑगस्टात.

सोबत कॅसेट आहे. डॉक्टरांकडून भरून घेतली. त्यांना सांगितलं, ताई नावेवर कसा आवाज करायची त्याचा नमुना. ते फार भारावले. सुरुवातीला त्यांनी गंभीर आवाजात तारीख सांगितलीय, ती सोडून दे. मग थोडा वेळ काही नाही. मला बोलायचं होतं, पण त्या पेटीसमोर तोंड उघडेना. एवढी बडबडी मी, तीन वर्षं मेलेली, आणि बोलायची वेळ आली तर मुकी.

मग जे आहे ते ऐक.

आठ वर्षं उशीर झाला.

X


३० ऑगस्ट १९८८

पॉम्फ्रेटबाई,

नमस्कार. कंबर कशी आहे? हे अक्षर कोणाचं म्हणून कागद उलटासुलटा करू नका, कोंबडी शाईत पडलेली नाही. हा एबेल लिहितोय. तुमच्यापेक्षा हळू लिहितो आणि मध्येमध्ये "आज्जी, हे नको ना" म्हणतो. मी त्याला सांगितलंय, बाई कधी असं म्हणाल्या नाहीत. (म्हणत होतात, पण त्याला कशाला सांगा.)

तो अठरा तारखेला आला, गुरुवारी, जेवणाच्या वेळेला. मी दारात घेवडा निवडत बसले होते. फाटकापाशी एक दाढीवाला येऊन उभा. पाठीला अकॉर्डियन. हलेना. मला वाटलं, आणखी एक चाहता. म्हटलं, "पुरलेलं इथे नाही, तिकडे चर्चच्या मागे विचारा, पण तिथेही नाही."

तरी हलेना. मग त्यानं हात पुढे करून फाटकाच्या लोखंडावर दोनदा ठोकलं.

मी म्हटलं, बाई, "पाय पूस आधी."

आत येऊन त्यानं पहिली गोष्ट काय केली? कपाटाला हात लावला. म्हणाला, "हे का ते प्रेत?" मग बसून हसला, मग बसूनच दुसरं काही केलं, ते तो लिहू देत नाही. मी त्याला पाव दिला. म्हटलं, घे, तिच्या भाकरीचा ऊबदार वास. कालचा होता.

आता सभेचं सांगते. रविवारी दुपारी 'जुना नांगर' भरला. अकरा चाहते, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक-दोन जास्तच. डॉक्टर काळा टाय लावून आलेले. मोझेसनं माझ्या फोटोला हार घातला. कुठला फोटो म्हणाल तर १९५३ चा, मी आणि एक घोडा. हार दोघांना मिळून घातला होता.

एबेल उभा राहिला. पांढरा पडला होता. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, "तुझं एकच गाणं चालतं, ते माझ्या मरणावर. मी हेप्झिबा राहते, माझं काय बिघडतं?" पण ऐकेल तो एबेल कसला. म्हणाला, "मित्रांनो, मला एक सांगायचंय. माझी आजी मेलेली नाही. ती इथे बसलीय."

बाई, मला वाटलं, आता हे उठून जाणार, आणि एकशेचाळिसातले अकरा कमी होणार.

मग डॉक्टर हॅविल हळूच म्हणाले, "खरंय. ती आपल्या सगळ्यांत आहे." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. लीड्सच्या ग्रंथपालबाईंनी डोळे पुसले.

एबेल म्हणाला, "तसं नाही हो! ही! ही बसलीय ती!"

डॉक्टर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हो ना, हेप्झिबाबाई. तुमच्या चेहऱ्यात ताई दिसतात." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलाला अजून धक्का पचलेला नाही. सांभाळा."

मी सांभाळीन म्हटलं.

तर मी मेलेलीच आहे, बाई. मोझेसनंही शपथेवर सांगून बघितलं, तर त्याला म्हणाले, तुमच्या लोकांची किती सुंदर श्रद्धा. याच्यापुढे माणसानं काय करायचं?

मग त्यानं गाणं म्हटलं. डोळे आता तपकिरी केलेत. पावाचं तसंच ठेवलंय, म्हणतो यमक बसत नाही. पहिलं कडवं झालं आणि तो थांबला. तिथेच, शेगडीपाशी. माझ्याकडे बघितलं. गुत्त्यात मला एकटीलाच कळलं, कशासाठी.

हँडल मी घेऊनच गेले होते. दोनदा आपटलं. असं आपटलं, की मोझेसच्या कपाटातले पेले वाजले.

पुढच्या कडव्यानंतर डॉक्टरांनी टेबलावर दोनदा ठोकलं. त्यांना वाटलं, तालच आहे. तिसऱ्याला अकराही जणांनी ठोकलं. आता म्हणे कॅसेटवरही ते ठोके असणार, आणि लीड्सपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत लोक टेबलं बडवणार, का ते माहीत नसताना.

एबेल परवा जातो. लीड्सला, ग्रंथालयाच्या तळघरात गायला. बघा, शेवटी जमिनीखालीच. मी म्हटलं, जा. तोंडानं म्हटलं, बाई, ठोक्यानं नाही. नाताळला येतो म्हणालाय, आणि आता मोझेसला फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, असं ठरलंय. तेव्हा लवकर बऱ्या होऊन या, मला वाचून दाखवायला माणूस लागेल. कोळसा मी आणून ठेवलाय.

झालं माझं सांगून. कधीचं झालं. फुलीसुद्धा मारून झाली, आणि हा अजून लिहितोच आहे, बाई. मी गप्प बसलेय, हे पेन चाललंय. काय लिहितोस म्हटलं, तर काही नाही म्हणतो. वाचून दाखव म्हटलं, तर म्हणतो, "तू खरी मेलीस की गाण्यात ऐक."

X

(पॉम्फ्रेटबाई, पहिलं पत्र परत पाठवलं त्याची माफी मागतो. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, म्हणून मी ओळखलं नाही. कॅसेट मी बसथांब्यावर ऐकली. दोन ठोक्यांच्या आधी, डॉक्टरांची तारीख सांगून झाल्यावर, कोणीतरी घसा खाकरतं. ठोके यायच्या आधीच मी चालायला लागलो होतो. हे तिला सांगू नका. ठोक्यांमुळेच आलो असं तिला वाटू दे. एबेल.)